अंग बाहेर येणे : दुखणे आधाराचे, उपचारही आधाराचाच

(दोंडाईचा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा ‘अंग बाहेर येणे आणि त्यावरील शस्त्रक्रिया’ असे मी सांगितले. पत्रिकेवर त्यांनी तेच शब्द छापले, याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे. ‘स्त्रियांचे आरोग्य’ असे मोघम शीर्षक देऊन वेळ मारून नेता आली असती. पण मोघम बोलण्यामुळेच हे दुखणे पिढ्यान्‌पिढ्या लुगड्याआड राहिले. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्यांचा मान राखायचा तर जे बोलायचे राहून जाते तेच आज बोलावे.

मला एकच गोष्ट आपल्या गळी उतरवायची आहे. अंग बाहेर येते ते आतला आधार सैल पडल्यामुळे. त्यात गर्भपिशवीचा काही गुन्हा नसतो. म्हणून उपचार आधाराचा करावा लागतो. मराठी शल्यचिकित्सकांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी हे जगाला करून दाखवले. आणि आज आपल्याच गावांत चित्र काय आहे? एका घरात आजी वीस-वीस वर्षे बाहेर आलेले अंग घेऊन वावरते आणि शेजारच्या घरात तिशीतली सून अंगावर पांढरे जाते म्हणून पिशवी काढून मोकळी झालेली असते. जिला शस्त्रक्रियेची गरज आहे तिच्यापर्यंत ती पोचत नाही, जिला नाही तिच्यावर मात्र होते.

आपल्या भागातली बाई हे दुखणे घेऊन दवाखान्यात येते तेव्हा ते पहिल्या झटक्यात सांगत नाही. आधी कंबर दुखते म्हणते. मग ओटीपोटात जड वाटते, लघवीला सारखे जावे लागते. चिठ्ठी लिहून होते, ती उठते, दारापर्यंत जाते, पदर सावरत परत वळते आणि खालच्या आवाजात म्हणते, “बाई, मनं अंग बाहेर येस.” किती दिवसांपासून, असे विचारले की उत्तर महिन्या-वर्षांत येत नाही. “धाकला झाला तेव्हापासून,” असे येते, आणि तो धाकला आता लग्नाला आलेला असतो.

तपासतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. टेबलावर आडवी झालेली बाई तपासली तर पुष्कळदा काहीच सापडत नाही, कारण आडवे झाल्यावर अंग आपसूक आत जाते. सकाळी ते वर असते, दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी खाली उतरते. म्हणून तिला खोकायला सांगायचे, जोर करायला सांगायचे आणि तरीही दिसले नाही तर उकिडवे बसवून पुन्हा खोकायला सांगायचे. तेव्हा कळते की ही बाई रोज काय सोसते. लघवीला बसताना बोटांनी अंग आत ढकलल्याशिवाय तिला लघवी होत नाही. बाहेर येऊ नये म्हणून जुन्या लुगड्याची घडी लावून ती शेतात जाते. सतत बाहेर राहिलेला भाग कोरडा, जाड होतो, मांडीला घासतो, तिथे जखम होते. या दुखण्याने जीव क्वचितच जातो, पण बसणे, चालणे, लग्नकार्याला जाणे, एसटीत दोन तास काढणे, नवऱ्याजवळ जाणे, सगळेच अवघड होऊन बसते.

हे किती दडलेले असते याचा पहिला ठोस पुरावा महाराष्ट्रातूनच मिळाला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दर शंभरांतल्या ९२ जणींना स्त्रीरोगाची एक तरी व्याधी होती आणि त्याआधी कधी तपासणी व उपचार झालेल्या होत्या फक्त आठ. या ९२ मध्ये अनेक आजार येतात, अंग बाहेर येणे हा त्यांतला एक. पण आकडा सांगतो तो आपल्या सगळ्यांबद्दल आहे. बाईच्या पोटाखालच्या भागाकडे घराने, गावाने आणि आरोग्यखात्याने पाहायचेच टाळले होते.

आता आधार म्हणजे काय ते पाहू. आपल्या जुन्या घरांत आढ्याला शिंके टांगलेले असे. मडके त्यात ठेवले की वरची दोरी त्याला पेलते. कटिरातही, म्हणजे ओटीपोटाखालच्या हाडांच्या पोकळीतही, अशीच मांडणी आहे. गर्भपिशवीच्या तोंडाजवळून काही बंध मागे कण्याच्या तळाच्या हाडाकडे आणि दोन्ही बाजूंना कटिराच्या भिंतीकडे जातात. त्या झाल्या दोऱ्या. आणि खालून स्नायूंचा एक जाड पडदा पसरलेला असतो, तो तळहातासारखा सगळा भार झेलतो. पडदा भक्कम असेल तोवर दोऱ्यांवर ताण येत नाही. पडदा ढिला पडला की सगळे वजन दोऱ्यांवर येते आणि त्या हळूहळू लांबतात. मग गर्भपिशवी खाली सरकते. पुढची भिंत ढिली पडली तर लघवीची पिशवी उतरते, मागची पडली तर गुदाशय पुढे फुगतो. बहुतेक बायकांत हे तिन्ही कमी-अधिक प्रमाणात एकत्र असते. दोरी सैल झाली म्हणून कोणी मडके फोडत नाही, दोरी बांधतो. शस्त्रक्रियेचे सारे तत्त्व एवढेच आहे.

आधार सैल का पडतो? सगळ्यांत मोठे कारण बाळंतपण. बाळाचे डोके खाली येताना हा स्नायूंचा पडदा कितीतरी पट ताणला जातो, कधी हाडापासून सुटतो. प्रत्येक बाळंतपणागणिक धोका वाढत जातो. त्यात पिशवीचे तोंड पुरते उघडण्याआधीच “जोर कर, जोर कर” म्हणून बाईला दमवले, वरून पोट दाबले, फाटलेला भाग नीट शिवला नाही, तर नुकसान दुप्पट. आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात, पण पोट दाबण्याची सवय काही लेबर रूममधून अजून गेलेली नाही. इथे बसलेल्या परिचारिका भगिनींना मी हात जोडून सांगते, ती सोडा. यावर सिझेरियन हा उपाय मात्र समजू नका. केवळ या भीतीपोटी पोट फाडून घेणे शहाणपणाचे नाही. त्याचे स्वतःचे धोके आहेत, आणि नुसत्या गरोदरपणाचा भारही आधारावर पडतोच.

दुसरे कारण बाळंतपणानंतरचे. आपल्याकडे सव्वा महिन्याची रीत होती. तिच्यातल्या बाजेखालच्या शेगडीचा आणि धुराचा मी आग्रह धरणार नाही, पण विश्रांतीचा जरूर धरीन. ताणलेले स्नायू आणि बंध पूर्ववत व्हायला निदान दीड ते तीन महिने लागतात. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला तेवढी सवड कोण देतो? पंधराव्या दिवशी ती हंडा उचलते, महिन्याभरात वेचणीला जाते. कमरेला बांधलेली झोळी कापसाने भरत जाते तसा ओटीपोटावरचा भार वाढत जातो. त्यातून कोवळ्या वयातले लग्न, पाठोपाठची बाळंतपणे आणि अर्धे पोट जेवण. अशा अंगात बंध मुळातच बळकट नसतात.

तिसरे कारण पोटातला दाब. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, सततचे जड वजन. दोंडाईचा हे मिरचीचे गाव. मिरचीच्या पथारीवर देठ खुडत दिवसभर उकिडव्या बसणाऱ्या बायकांना मी काय सांगणार, तो ठसका आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. खोकल्याची प्रत्येक उबळ आतल्या अवयवांना खाली लोटते. चुलीचा धूर आणि तपकीर-विडी यांचा खोकलाही तेच करतो. बाई बाळंतपणातून नुकती उठलेली असेल किंवा तिची पाळी गेलेली असेल, तर तोंडाला फडके, मधे मधे उठून उभे राहणे आणि खोकल्यावर वेळेवर औषध, एवढे तरी मालकांनी आणि मुकादमांनी पाहावे. आणि चौथे कारण वय. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक घटते, ऊती पातळ होतात आणि तरुणपणी कसेबसे तग धरून असलेले आधार साठीत हार मानतात.

हे केवळ गरिबाघरचे किंवा आपल्याच देशातले दुखणे आहे असे मात्र नाही. अमेरिकेत पाळी गेलेल्या हजारो स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा गर्भपिशवी शाबूत असलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांत ती खाली सरकलेली आढळली आणि सुमारे ३४ टक्क्यांत लघवीची पिशवी उतरलेली. पुष्कळजणींना त्याचा काही त्रासही नव्हता. आपल्याकडे फरक पडतो तो वयाचा आणि उशिराचा. इथे पंचविशी-तिशीतल्या बाईला हे होते आणि दवाखान्यात ती येते पन्नाशीत. शेजारच्या नेपाळमध्ये डोंगरातल्या बायकांमध्ये या दुखण्याने एवढे थैमान घातले की २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रजनन आरोग्याच्या हक्काचा प्रश्न ठरवून सरकारला पावले उचलायला लावली.

उपचाराकडे येऊ. तो पायऱ्यापायऱ्यांनी चढायचा असतो. अंग थोडेसेच खाली आले असेल आणि त्रास नसेल तर काही करायची गरज नाही. थोडा त्रास असेल तर पहिली पायरी व्यायामाची. अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली हा व्यायाम शास्त्रशुद्धपणे मांडला. वारा अडवताना आपण जो स्नायू आत ओढतो, तोच ओढायचा, मनात पाच ते दहा आकडे म्हणेपर्यंत धरायचा आणि सोडायचा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत. निदान तीन महिने नेमाने करायचे. भाकरी थापताना करता येतो, गाडीत बसल्या बसल्या करता येतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत या व्यायामाने त्रास खरोखर कमी होतो हे दिसले. पण तो सौम्य दुखण्यासाठी आहे. पूर्ण बाहेर आलेले अंग व्यायामाने आत जाईल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

दुसरी पायरी रिंगची. प्राचीन ग्रीक वैद्य अर्धे डाळिंब आत बसवत. आज मऊ सिलिकॉनची, त्या बाईच्या मापाची रिंग मिळते. डॉक्टरकडे जाऊन ती बसवून घ्यायची आणि सांगितलेल्या मुदतीत, साधारण तीन ते सहा महिन्यांनी, काढून धुऊन तपासणी करून पुन्हा बसवायची. जिला अजून मूल हवे आहे, जी सध्या गरोदर आहे, जिचे हृदय किंवा फुप्फुस शस्त्रक्रियेला साथ देणार नाही, किंवा जिला शस्त्रक्रिया नकोच आहे, तिच्यासाठी हा चांगला मार्ग आहे. धोका एकच, बसवून विसरण्याचा. वर्षानुवर्षे आत राहिलेली रिंग जखम करते.

तिसरी पायरी शस्त्रक्रिया. इथे मला थोडा इतिहास सांगायला हवा, कारण तो आपला आहे.

१८८८ साली इंग्लंडमधील मँचेस्टर या कापड गिरण्यांच्या शहरात डॉ. आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी पोट न उघडता, योनिमार्गातूनच आधार दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. पुढे डॉ. फॉदरगिल यांनी तिच्यात सुधारणा केली. गर्भपिशवीचे लांबलेले तोंड कापायचे, दोन्ही बाजूंचे बंध पुढे आणून एकमेकांना शिवायचे आणि सैल भिंती आवळायच्या. पन्नाशीच्या बाईला हे उत्तम. पण पिशवीचे तोंड कापले की पुढे दिवस राहायला अडचण, राहिले तर गर्भ पडण्याची भीती. विलायतेत हे दुखणे मुख्यतः उतारवयातले, म्हणून त्यांचे भागत होते. आपल्याकडे बाई पंचविशीची आणि तिला अजून लेकरू हवे असे. तिचे काय?

हा प्रश्न डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी मनावर घेतला. १८९९ मध्ये गोव्यातल्या शिरोडा गावी जन्मलेले शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले. गर्भ टिकत नसेल तर पिशवीच्या तोंडाला घालायचा ‘शिरोडकर टाका’ १९५५ पासून जगभर गाजला. त्यांचे दुसरे मोठे काम मात्र वैद्यकीय वर्तुळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. मँचेस्टर शस्त्रक्रियेत त्यांनी असा बदल केला की पिशवीचे तोंड कापायचीच गरज उरली नाही. मागचे बंध पिशवीपासून सोडवून, पुढे आणून, एकमेकांवरून ओलांडून शिवायचे. जिथे बाईचे स्वतःचे बंध अगदीच निकामी झालेले असत, तिथे त्यांनी पोटातून पट्टी टाकली. तिचे एक टोक पिशवीच्या तोंडाच्या मागच्या बाजूला, दुसरे कण्याच्या तळाच्या हाडाला. डावीकडे मोठे आतडे आडवे येते, त्यावर ताण पडू नये म्हणून पट्टी कमरेच्या स्नायूभोवतून वळवून न्यायची. एवढा बारीक विचार त्यात होता. याच काळात मुंबईच्या पुरंदरे घराण्यातील डॉक्टरांनी दुसरी वाट काढली. पोटाच्या भिंतीतील भक्कम पापुद्र्याच्या पट्ट्या काढून त्यांनी पिशवीचे तोंड पुढच्या बाजूने वर बांधले. पुढे या पट्ट्यांच्या जागी मर्सिलीन या कृत्रिम धाग्याची फीत आली. नंतर खन्ना, जोशी आणि विरकुड या भारतीय डॉक्टरांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पद्धती आल्या. प्रत्येकीत पट्टी कुठे बांधायची ते वेगळे, पण हेतू एकच : पिशवी राहावी, बाईला मूल होता यावे आणि अंग आत राहावे. भारत सरकारने १९७१ साली शिरोडकरांना पद्मविभूषण दिले. त्याच वर्षी ते वारले.

या मंडळींनी गर्भपिशवी राखण्याचा ध्यास धरला तो तरुण बायकांसाठी. पण मूल झालेल्या बाईतही पिशवी राखून आधार दुरुस्त करणे कमी प्रतीचे नाही, हे आता मापून सिद्ध झाले आहे. नेदरलँड्समध्ये दोनशेहून अधिक स्त्रियांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली. एका गटात पिशवी काढून योनिमार्गाचा वरचा भाग टांगला. दुसऱ्या गटात पिशवी ठेवून ती कटिरातील एका भक्कम बंधाला शिवली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पाच वर्षांनी पिशवी ठेवलेल्या गटात ८७ टक्के स्त्रिया सुखरूप होत्या आणि काढलेल्या गटात ७६ टक्के. पिशवी काढणे चूक आहे, असा याचा अर्थ नाही. पिशवीत दुसरा आजार असेल, तोंडाच्या तपासणीत कर्करोगाची शंका असेल, किंवा पाळी गेल्यावर बाईने विचारपूर्वक तसे ठरवले असेल, तर योनिमार्गातून पिशवी काढणे ही चांगली शस्त्रक्रिया आहे. पण काढल्यावर बंध वरच्या भागाला पक्के शिवलेच पाहिजेत. नुसती पिशवी काढली आणि दोऱ्या तशाच लोंबत सोडल्या, तर काही वर्षांनी तीच बाई परत येते. पिशवी गेलेली असते आणि अंग पुन्हा बाहेर आलेले असते. तिची दुरुस्ती पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड.

फारच थकलेल्या आजींसाठी, ज्यांना शरीरसंबंधाची अपेक्षा उरलेली नाही, फ्रान्सच्या लिऑन ल फोर्त यांनी १८७७ मध्ये आणलेली छोटी शस्त्रक्रिया आहे. योनिमार्गाच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना शिवून टाकायच्या. वेळ थोडा, भूल हलकी, आराम मोठा. मात्र त्यानंतर संबंध शक्य नसतो. हे आजीला स्वतःला, आजोबा असतील तर त्यांनाही, स्पष्ट सांगून त्यांचा होकार घेतलाच पाहिजे. मुलाने परस्पर सही करून चालत नाही.

शस्त्रक्रियेची भीती असते, म्हणून ती कशी होते ते सांगते. जखम असेल तर आधी ती भरावी लागते. ॲक्रिफ्लेविन-ग्लिसरीनमध्ये भिजवलेली गॉजची पट्टी रोज बदलून अंग आत ठेवायचे, बाईला आडवे राहू द्यायचे. एक-दोन आठवड्यांत बहुतेक जखमा भरतात. रक्त कमी असेल तर ते वाढवायचे. पिशवीच्या तोंडाची कर्करोगासाठी तपासणी करायची. अंग पूर्ण बाहेर असेल तर मूत्रवाहिन्या ओढल्या जाऊन किडनीला सूज येऊ शकते, म्हणून सोनोग्राफी. मग कमरेतून भूल. शस्त्रक्रिया योनिमार्गातून केली तर पोटावर एकही टाका नसतो. पुढची भिंत उघडून लघवीची पिशवी वर ढकलतात, तिच्याखालचा पातळ झालेला पडदा दोन्ही बाजूंनी जवळ आणून शिवतात, बंध घट्ट करतात आणि शेवटी मागची भिंत व खालचा फाटलेला भाग सांधतात. साधारण तास-दीड तासाचे काम. एक-दोन दिवस लघवीची नळी, तीन ते पाच दिवस दवाखाना. घरी गेल्यावर तीन महिने भरलेला हंडा नाही, धान्याचे पोते नाही, निदान दीड महिना संबंध नाही, बद्धकोष्ठ होऊ द्यायचे नाही. शस्त्रक्रियेचे यश निम्मे टेबलावर ठरते, निम्मे घरात. सूनबाईला तीन महिने हंडा उचलू न देणारी सासू आणि सासूला न देणारी सून, दोघी सर्जनच्या बरोबरीचे काम करतात.

एक सावधगिरी. काही वर्षांपूर्वी योनिमार्गातून प्लॅस्टिकची जाळी बसवण्याची मोठी लाट आली होती. जाळी भिंतीतून बाहेर येणे, सततचे दुखणे, संबंधात वेदना अशा तक्रारी जगभरातून आल्या. इंग्लंडने २०१८ मध्ये ती थांबवली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये या कामासाठीच्या जाळ्यांची विक्री बंद करायला लावली. पोटातून टाकायच्या पट्टीची गोष्ट वेगळी, ती अजूनही योग्य रुग्णात वापरतात. कोणी ‘नवी जाळी बसवतो’ म्हणाले तर कुठून बसवणार, हे आधी विचारा.

आणि आता सुनेची गोष्ट. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ज्या स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली होती, त्यांतल्या निम्म्या जणींची ती चौतिसाव्या वर्षी किंवा त्याआधीच गेली होती. दोनतृतीयांश शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झालेल्या. २०१९ मध्ये बीडचे प्रकरण गाजले. शासनाने नेमलेल्या समितीने पाहिलेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक. आपल्या खानदेशातूनही दरवर्षी कोयता घेऊन नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला जातात, म्हणून हे बीडचे म्हणून सोडून देऊ नका. पाळीत खाडा होऊन दंड पडू नये, ही मुकादमाच्या हिशेबातली गरज झाली. तिला वैद्यकाने होकार द्यायला नको होता. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक पिशवी काढणे रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला. तो आदेश कागदावर राहू नये, हे बघणे आपल्या हातात आहे. अंगावर पांढरे जाणे बहुतेक वेळा औषधाने बरे होते. कंबरदुखीचे कारण बहुधा पिशवी नसते. ‘आता मुले झाली, पिशवी काय कामाची, पुढे कॅन्सर होईल’ या बोलण्याला शास्त्राचा आधार नाही. पिशवीबरोबर अंडकोशही काढले तर चौतिशीत पाळी जाण्याचे सारे परिणाम अंगावर येतात, हाडे लवकर ठिसूळ होतात. आणि पिशवी काढताना आधाराची काळजी घेतली नसेल तर तिशीतल्या त्या सुनेला पुढे कधी तरी सासूचेच दुखणे होण्याचा धोका राहतो.

शस्त्रक्रियेनंतर पुन्हा अंग खाली येऊ शकते, हेही मी लपवणार नाही. अमेरिकेतील १९९७ च्या एका अभ्यासात कटिराच्या आधारासाठी आणि लघवी न रोखता येण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे २९ टक्के या दुसऱ्यांदा केलेल्या होत्या. म्हणूनच पहिली शस्त्रक्रिया नीट ठरवून, नीट हातांनी आणि नीट विश्रांती घेऊन व्हावी.

सही करण्यापूर्वी प्रत्येक बाईने डॉक्टरला चार प्रश्न विचारावेत. माझे नेमके काय खाली आले आहे : पिशवी, लघवीची पिशवी की गुदाशय? व्यायाम किंवा रिंग माझ्यासाठी चालेल का? पिशवी काढणार असाल तर का, आणि आधार कशाला शिवणार? पुन्हा झाले तर काय? जो डॉक्टर या प्रश्नांनी रागावतो, त्याच्याकडून उठून दुसऱ्याचे मत घ्यावे. शस्त्रक्रियेचा लेखी कागद मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. पुढच्या डॉक्टरला तो सोन्यासारखा असतो. सुरुवात दोंडाईचाच्या उपजिल्हा रुग्णालयातून करा. गरज पडली तर धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभाग आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया कुठे आणि कशी बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आशाताईंनो, तुम्ही घरोघर गरोदर बाईची आणि बाळाची नोंद घेता. त्याच भेटीत चाळिशी-साठीच्या बाईलाही विचारा. तिच्यासाठी तुमच्या वहीत रकाना नसेल, तर वहीच्या मागच्या पानावर नाव लिहा आणि तिला दवाखान्यात घेऊन या.

पुरुष मंडळींनो, तुम्ही इथे बसून हे सारे ऐकले, याचा मला फार आनंद आहे. गाडीभाडे, रजा, दवाखान्याचा निर्णय, सगळे अजूनही तुमच्या हातून जाते. बायकोने सांगितले की तिला घेऊन या, आणि ती तपासणीला आत गेली की बाहेर थांबा. तिला एकटीला बोलू द्या.

आणि बहिणींनो, तुम्ही आज रात्री घरी गेल्यावर आईला, सासूला, आत्याला सरळ विचारा, “तुझे अंग बाहेर येते का?” कोणी तरी विचारावे म्हणून ती कित्येक वर्षे थांबली आहे. ‘हो’ म्हणाली तर तिला त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या. हे दुखणे बरे होते.